सार्डिनियात डास आहेत, हिवताप नाही

सार्डिनियात डास असतात आणि भरपूर असतात. भूमध्य समुद्रातल्या या इटालियन बेटावर सुट्टीला निघालेली मराठी माणसे उन्हाचे मलम, टोप्या, चिवडा, लाडू सगळे बॅगेत भरतात. ओडोमॉसची नळी मात्र घरीच राहते. युरोपात कुठले आलेत डास, ही समजूत पक्की असते. काल्यारी या राजधानीला खेटून असलेल्या क्वार्तू गावात भाड्याच्या घरात उतरलेल्या नेरुळच्या एका कुटुंबाची ती समजूत पहिल्याच दिवशी गेली. दिवेलागणीला खिडक्या लावायच्या आणि तासाभराने उघडायच्या, हा नवी मुंबईतला घरोघरचा नेम. आजींनी तो तिथेही पाळला आणि साडेसहाला खिडक्यांकडे धाव घेतली. पण जुलैत तिथे सूर्य मावळतो पावणेनऊच्या सुमारास. साडेसहाला बाहेर लख्ख ऊन होते आणि अंगणात बसलेल्या सगळ्यांचे घोटे आधीच सुजले होते. चावणारा होता टायगर डास: काळ्या अंगावर पांढरे पट्टे, चावतो दिवसाच. अंधार पडल्यावर क्युलेक्स डासांची पाळी सुरू झाली, ती पहाटेपर्यंत.

खोलीत छताला पंखा नव्हता. नवी मुंबईत डासांविरुद्धचे सर्वांत भरवशाचे साधन पंखाच आहे, हे तो नसल्यावर कळते. डास दुबळा उडतो. पंखा पाचावर फिरत असला की त्याला बिछान्यापर्यंत पोचणे जड जाते. सार्डिनियातल्या जुन्या घरांच्या जाड भिंती आतली हवा गार ठेवतात, त्यामुळे पंख्याची गरज फारशी वाटत नाही. त्याऐवजी खिडकीच्या चौकटीत गुंडाळलेली जाळी असते, ती वरून खाली ओढायची. शिवाय दुकानात कॉइल मिळते. तिला इटालियन माणसे ‘झांपिरोने’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात व्हेनिसमध्ये झांपिरोनी नावाचा औषधविक्या होऊन गेला, त्याच्या नावावरून हा शब्द आला. त्याच्या धुरी-औषधातले पायरेथ्रम शेवंतीच्या कुळातल्या एका पांढऱ्या फुलाचे, आणि ते फूल मूळचे समोरच्याच डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरचे. आपल्याकडे घरोघरी जळलेली कछुआ छाप याच घराण्यातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकीण आल्या. फवारा, वडी, मलम यांपैकी काहीच त्यांनी आणले नव्हते. त्या थेट जिरेनियमच्या कुंड्यांकडे गेल्या, कुंडीखालची मातीची बशी उचलली आणि आजींसमोर धरली. बोटभर पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. सावली पडली तशा तळाशी गेल्या, पुन्हा वर आल्या. बाईंनी बशी तापलेल्या फरशीवर उपडी केली. बघता बघता फरशी कोरडी झाली. भाषा कळण्याची गरजच पडली नाही, कारण आजींनी हे पाणी आधी पाहिलेले होते: नेरुळच्या घरात फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, मनी प्लांटच्या बाटलीत, गॅलरीतल्या कुंडीखाली. फरक एवढाच, की घरी ते दाखवायला महापालिकेचा आरोग्य कर्मचारी दारात येतो आणि त्याला पुष्कळदा दारातूनच परत पाठवले जाते.

काल्यारी आणि नवी मुंबई यांच्यात साम्य विलक्षण आहे. काल्यारी दोन खाजणांच्या मध्ये वसले आहे, पश्चिमेला सांता जिल्ला आणि पूर्वेला मोलेंतार्जुस. मोलेंतार्जुस म्हणजे गाढवांवरून मीठ वाहणारे, कारण इथे मोठी मिठागरे होती. त्या मिठागरांत १९९३ पासून फ्लेमिंगो घरटी करतात, आणि पोएत्तोच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाताना ते अगदी रस्त्यालगत दिसतात. नेरुळचा डीपीएस तलाव आणि ठाणे खाडी ज्याच्या रोजच्या पाहण्यातली, त्याला इथे परके वाटतच नाही. खाडी, मीठ, गुलाबी पक्षी आणि डास ही चौकडी दोन्हीकडे एकत्र नांदते.

या साम्यामुळेच सार्डिनियाचा इतिहास नवी मुंबईकराने वाचण्याजोगा आहे. इटलीत हिवतापाने सर्वांत गांजलेल्या प्रदेशांत या बेटाचा क्रम फार वरचा होता. १९०० च्या कायद्याने इटालियन सरकारने क्विनाइन स्वतः विकायला काढले, आणि ते मीठ-तंबाखूच्या दुकानांत मिळू लागले. डास आणि हिवताप यांचा धागा रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादेत पकडला. माणसाचा हिवताप अ‍ॅनाफिलिस डास पसरवतो हे पुढच्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले. हिवतापाची खूण इथल्या रक्तातही आहे. जी-सिक्स-पीडी या विकराची उणीव सार्डिनियात पुष्कळांना असते. ती हिवतापापासून थोडे संरक्षण देते, पण अशा माणसाने फावा शेंगा खाल्ल्या तर रक्तपेशी फुटतात. म्हणून इथे सुट्या फावा विकायला असल्या की दुकानदार तशी पाटी लावतो. नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासींमधला सिकलसेल ही त्याच आजाराने मागे ठेवलेली दुसरी खूण.

१९४६ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने बेटावर मोठी मोहीम सुरू झाली. हिवताप पसरवणारी डासाची जातच बेटावरून नाहीशी करायची, असा तिचा हेतू होता. घरे, गोठे, पूल, गुहा सगळीकडे डीडीटी मारले गेले, आणि फवारणी झाली की भिंतीवर साच्याने अक्षरे व तारीख छापली जाई. काही जुन्या घरांवर ती अजून वाचता येते. १९५० मध्ये मोहीम संपली. डासाची ती जात काही संपली नाही, आजही बेटावर आहे. हिवताप मात्र संपला, आणि १९७० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इटलीला हिवतापमुक्त म्हटले. डास उरूनही आजार जाऊ शकतो, हे बेटाने दाखवले. संसर्गाची साखळी तुटायला रोगी वेळेवर सापडणे आणि बरा होणे याला डास मारण्याइतकेच मोल आहे. बांधकामावरच्या मजुरांचे रक्तनमुने घेत उन्हातान्हात फिरणारे नवी मुंबईचे कर्मचारी नेमके तेच करतात. त्या कामाला धुरीकरणाच्या गाडीइतकी प्रतिष्ठा मिळत नाही, याचे वाईट वाटते.

टायगर डास इटलीत उशिरा आला. १९९० मध्ये तो जिनोआत सापडला. जुन्या टायरांच्या व्यापारातून, टायरांत साचलेल्या पाण्याबरोबर तो आला होता. २००७ मध्ये रावेन्ना प्रांतातल्या एका गावात चिकुनगुनियाची साथ आली, ती केरळहून आलेल्या एका पाहुण्यापासून, आणि दोनशेहून अधिक माणसे आजारी पडली. इटलीतल्या नगरपालिका दर उन्हाळ्यात फर्मान काढतात: बश्या रिकाम्या करा, पिंपे झाका, गटारांच्या जाळीत अळीनाशक गोळी टाका, टायर उघड्यावर ठेवू नका. स्मशानभूमीतल्या फुलदाण्यांचाही त्यात उल्लेख असतो. त्यांत पाण्याऐवजी ओली वाळू भरून फुले खोचायची. दिवंगतांच्या फुलांपर्यंत पोचणारी ही बारकाई हेवा वाटण्याजोगी आहे. टायर तुर्भ्यातही पंक्चरच्या दुकानांबाहेर रचलेले असतात, जूनचा पाऊस त्यांत भरतो आणि ऑक्टोबरपर्यंत तिथेच राहतो.

नवी मुंबईचे काम मुळातच जास्त अवघड आहे, हेही तितकेच खरे. सार्डिनियात उन्हाळा कोरडा. खाजणे आणि शेतांचे पाट सोडले तर डासांना लागणारे पाणी बरेचसे माणसानेच साठवलेले असते. नवी मुंबईत ते आकाशातून चार महिने पडते. सिडकोने हे शहर भरतीच्या पातळीखालच्या जमिनीवर भराव घालून उभे केले आणि डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. भरतीला झडपा बंद होतात, पावसाचे पाणी तलावात थांबते, ओहोटीला खाडीत जाते. पण तलावांत गाळ साचला, गाळात कांदळवन उगवले, आणि उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर कांदळवनाला परवानगीवाचून हात लावता येत नाही. कांदळवन राखलेच पाहिजे. गाळ काढण्याची वाटही काढलीच पाहिजे, आणि ती वर्षानुवर्षे अडते याचा राग येतो. तोवर संध्याकाळी धुराची गाडी सोसायटीतून जाते, मुले मागे धावतात आणि रहिवाशांना काम झाल्यासारखे वाटते. धुराने उडणारे डास मरतात. गच्चीवरच्या झाकण निसटलेल्या टाकीतल्या अळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी गप्पी मासे आहेत, अळीनाशक आहे आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस आहे. हे नवी मुंबईत सगळ्यांना पाठ आहे.

सार्डिनियाला मे ते ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्याने मलम घरूनच न्यावे, अंगभर सुती कपडे ठेवावेत आणि उतरल्यावर आधी अंगणातल्या बश्या तपासाव्यात. ओरिस्तानोच्या बाजूला भातशेती आणि मोठी खाजणे आहेत. तिथे क्युलेक्स डासांमुळे २०११ पासून वेस्ट नाइल तापाचे रुग्ण आढळले आहेत, त्यामुळे संध्याकाळी जाळी ओढलेलीच बरी. हिवतापाच्या गोळ्या घ्याव्या लागत नाहीत. नोव्हेंबरात थंडी पडली की तिथले डास ओसरतात. परतलेल्या कुटुंबासाठी मात्र नेरुळला फेब्रुवारी-मार्चमधले खाडीकाठचे क्युलेक्स अजून यायचे असतात.