थकवा म्हणजे आळस नव्हे

जयंतीनिमित्त आपण रक्तदान शिबिरं घेतो. हिमोग्लोबिन 12.5 ग्रॅमच्या खाली असेल तर रक्त घेत नाहीत. असं परत पाठवलेल्यांत मुली बऱ्याच असतात. त्यांचं पुढे काय होतं, हे आपण विचारत नाही. पण यांच्यातलीच एखादी अभ्यासिकेत पुस्तकावर डोकं ठेवून झोपली, की तिला ‘आळशी’ म्हणून मोकळे होतो.

तिच्या पेशींत काय चाललंय ते पाहू. ज्वारीच्या पानांनी पकडलेलं ऊन दाण्यात स्टार्च होऊन साठतं. भाकरी पचली की त्याचं ग्लुकोज होतं, पण पेशी ते थेट खर्च करू शकत नाही. तिला एटीपी नावाचा रेणू लागतो. चरबी आणि ग्लायकोजेन ही बँकेतली ठेव म्हटली तर एटीपी म्हणजे हातातले सुटे पैसे. ते फार उरत नाहीत, सतत बनवावे लागतात.

ऑक्सिजनशिवाय एका ग्लुकोजमधून 2 एटीपी हाती लागतात, ऑक्सिजनसह सुमारे 30. हे काम पेशीतल्या तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात होतं. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तिथे एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी ऑक्सिजनला मिळतात. त्यातून सुटणाऱ्या ऊर्जेवर हायड्रोजनचे आयन पडद्याच्या एका बाजूला साठवले जातात, धरणात पाणी अडवावं तसे. ते परत येताना प्रथिनाचं एक चाक फिरवतात आणि एटीपी तयार होतो. पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये आयनांच्या या साठ्याची कल्पना मांडली तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी ती मानली नव्हती. 1978 मध्ये त्यांना त्यासाठीच नोबेल मिळालं.

आता लोहाकडे येऊ. हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरतं ते लोहामुळे. इलेक्ट्रॉन पुढे देणाऱ्या त्या प्रथिनांपैकी अनेकांतही लोहच असतं. म्हणजे लोह कमी पडलं तर ऑक्सिजन कमी पोहोचतो आणि यंत्रही मंदावतं. पोटभर भाकरी खाऊनही अंगात त्राण राहत नाही ते यामुळे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. घरात शेवटी जेवणारी कोण, उरलंसुरलं कोणाच्या ताटात जातं, हे मी वेगळं सांगायला नको.

पुढच्या शिबिरात परत पाठवलेल्या प्रत्येकीला प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेण्याची जबाबदारी एका कार्यकर्त्याकडे द्या. रक्तक्षयाचं कारण डॉक्टरांकडून कळू द्या. लोहाची गोळी मिळाली तर ती चहासोबत घेऊ नये, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही.