उघड्यास वस्त्र : ऊसतोडीच्या हंगामातील एक सेवाकार्य



संत मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायात अंतिम न्यायाचे वर्णन आहे. तेथे भुकेल्यास अन्न व तान्हेल्यास पाणी यांच्याच ओळीत उघड्यास वस्त्र देणे हे कृत्य येते. ख्रिस्तसभेने सात शारीरिक दयाकृत्यांत त्याची गणना केली आहे. तरीही अन्नदानाचा आपण जेवढा विचार करतो तेवढा वस्त्रदानाचा करीत नाही. पाहुण्याच्या ताटात शिळे वाढताना हात आखडतो. बोचक्यात विटके कपडे बांधताना तो आखडत नाही.

औरंगाबाद धर्मप्रांतातील बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतील कोरडवाहू गावांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. पती-पत्नीच्या जोडीला ‘कोयता’ असेच म्हणतात. माणसाची ओळख हत्याराच्या नावाने व्हावी, यातच बरेच काही आले. पुढचे पाच-सहा महिने मुक्काम कोपीत असतो.

तोड पहाटे, दवाने भिजलेल्या फडात सुरू होते. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते. हातांवर व मानेवर चरे पडतात. म्हणून स्त्रिया साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा सदरा घालतात. आपल्या कपाटात कॉलर झिजली म्हणून बाजूला पडलेला जाड सुती सदरा तेथे चिलखताचे काम करतो. कोपीतल्या मुलांना स्वेटर व कानटोपी, सर्वांना घोंगडी किंवा चादर, स्त्रियांना मऊ सुती साड्या, एवढी साधी ही गरज आहे. जरीची साडी तेथे निरुपयोगी ठरते.

सुती कापडाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. 2019 साली राज्य शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा 13 हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे आढळले. खाडा झाल्यास होणारा दंड, काही डॉक्टरांनी घातलेली भीती अशी त्याची कारणे अनेक आहेत. परंतु मासिक पाळीत पाणी, आडोसा व स्वच्छ कापड न मिळणे हेही त्यांपैकी एक. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये स्थापन केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने जुन्या सुती कपड्यांपासून धुऊन वापरता येणाऱ्या घड्या तयार करून हा विषय देशापुढे आणला. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत रस्त्याकडेला पडलेले, कोणी न उचललेले दानाचे कपडे याच संस्थेने निवडून उपयोगात आणले. दान पुष्कळ होते. घेणाऱ्याचा विचार मात्र कोणी केला नव्हता.

तूरचे संत मार्टिन यांचा सण 11 नोव्हेंबरला, म्हणजे ऐन हंगामाच्या आरंभी येतो. आमियाँ नगराच्या वेशीवर कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्यांनी आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला. त्यांचा चरित्रकार सांगतो की, इतर कपडे त्यांनी आधीच वाटून टाकले होते. तेव्हा त्यांचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. त्याच रात्री तो अर्धा झगा पांघरलेला ख्रिस्त त्यांना स्वप्नात दिसला. 2017 पासून याच महिन्यात जागतिक गरीब दिनही पाळला जातो.

प्रेषितांच्या कृत्यांतील यापोच्या टबीथेने कपडे गोळा केले नव्हते, स्वतः शिवले होते. तिच्या मृत्यूनंतर विधवांनी रडत रडत पेत्राला दाखविले ते तेच. धर्मग्रामातील महिला मंडळांना हा मार्ग मोकळा आहे. आलेले कपडे धुणे, बटणे लावणे, उसवलेले टाके घालणे, मापानुसार निवडणे ही कामे दसऱ्यापूर्वी उरकली, तर गावाकडून गाड्या निघण्याआधी गठ्ठे हाती पडतील. ज्यांचे धर्मग्राम कारखान्यांच्या परिसरात आहेत, त्यांनी कोपीवर जाण्यापूर्वी तोडीची वेळ विचारून घ्यावी, कारण गाडी भरण्यासाठी रात्रीही उठावे लागते. गठ्ठा मुकादमाकडे सोपवू नये. ज्या बाईसाठी सदरा आणला तिच्याच हाती तो द्यावा.