स्कोअर सगळ्यांनी विचारला, डोस कोणीच नाही

२०२१ सालचा मे महिना आठवा. वसई, नालासोपारा, विरार, कुठेही फोन केला की पहिला प्रश्न एकच असायचा, ‘स्कोअर किती आला?’ पंचवीसपैकी आठ आला की हायसं वाटायचं, पंधरा आला की घरात रडारड. तो स्कोअर यायचा छातीच्या सीटी स्कॅनवरून, ज्याला आपण एचआरसीटी म्हणायचो. सरकारने दर बांधून दिले होते, यंत्राप्रमाणे दोन ते तीन हजार रुपये. काही जणांनी तर पंधरा दिवसांत दोनदा, तीनदा करून घेतला.

त्याच महिन्यात दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सांगितलं, की एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे काढल्यासारखं आहे, सौम्य कोविडला उगाच करू नका. लगेच क्ष-किरणतज्ज्ञांच्या देशपातळीवरच्या संघटनेने उत्तर दिलं, की नव्या यंत्रावर अगदी कमी डोसने काढलेला सीटी ५ ते १० एक्स-रेएवढाच असतो. आता ४०० कुठे आणि ५ कुठे! आपण बायका गोंधळलो, आणि ते साहजिकच होतं.

मी बरीच वर्षं एक्स-रे आणि सीटीच्या खोलीत काम केलं आहे, म्हणून सांगते. दोन्ही आकडे खरे असू शकतात. किरणं किती दिली हे यंत्रावर, यंत्र कसं लावलं त्यावर, शरीराचा किती भाग घेतला त्यावर आणि समोर झोपलेल्या माणसाच्या अंगकाठीवर अवलंबून असतं. ‘सीटीचा डोस किती’ हा प्रश्नच अर्धा आहे. विचारायचं ते ‘माझ्या सीटीचा डोस किती’.

आणि तो आकडा असतो, बरं का. प्रत्येक स्कॅननंतर यंत्र स्वतःच एक पान तयार करतं, त्याला डोस रिपोर्ट म्हणतात. फोटोंबरोबर तेही यंत्रात साठतं. त्यात दोन आकडे महत्त्वाचे. पहिला मिलिग्रेमध्ये, म्हणजे किरणांचा जोर. दुसरा डीएलपी, म्हणजे तो जोर गुणिले शरीराचा किती लांबीचा भाग घेतला ते. छातीचा डीएलपी ३५० आला, तर त्याला ०.०१४ ने गुणायचं. उत्तर येतं ४.९ मिलिसीव्हर्ट. माती, हवा, अन्न, आकाश यांतून जगातल्या माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. म्हणजे हा एक स्कॅन साधारण दोन वर्षांचा नैसर्गिक वाटा झाला. घाबरून जाण्यासारखं नाही. पण चार वेळा झाला तर हिशोब ठेवण्यासारखं नक्की आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर जास्तच.

आता गंमत ऐका. यंत्र तो मिलिग्रेचा आकडा तुमच्या शरीरावर मोजत नाही. अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकचा एक भरीव गोल ओंडका असतो, डोक्यासाठी १६ सेंटीमीटर रुंद, धडासाठी ३२ सेंटीमीटर. याच किरणांनी त्या ओंडक्यात किती डोस बसला असता, ते यंत्र सांगतं. आपल्या भाजीच्या मळ्यात राबणाऱ्या बाईची कंबर ३२ सेंटीमीटर रुंद कुठली असायला! एकाच आचेवर लिटरभर दूध ठेवा आणि पावशेर दूध ठेवा. आच तीच, पण पावशेर आधी उतू जातं. तसंच इथे. सरासरी व्यास २२ सेंटीमीटर असलेल्या बाईच्या रिपोर्टवर १० मिलिग्रे लिहिलं असेल, तर तिच्या पोटात साधारण साडेसोळा गेलेले असतात. चांगली यंत्रं बारीक माणसासाठी आच आपोआप कमी करतात हे खरं, पण छापलेला आकडा मात्र त्या ओंडक्याचाच राहतो. ही दुरुस्ती कशी करायची त्याचं कोष्टक अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०११ सालीच छापलं आहे.

मग दुरुस्ती करायची कोणी? दिवसाला चाळीस पेशंट असले तर कोण पट्टी घेऊन बसणार? आमच्या वेळी आकडे वहीत उतरवायचे. घाईत १२ चे २१ व्हायचे, कधी पान कोरंच राहायचं. म्हणून आता हे काम संगणकाकडे जाऊ लागलं आहे. स्कॅन संपला की प्रणाली डोस रिपोर्ट आपणच उचलते. जुन्या यंत्रात तो रिपोर्ट नुसता फोटो असेल, तर फोटोतली अक्षरं वाचते. मग स्कॅनच्याच चित्रांवरून पेशंटची रुंदी मोजते आणि आकडा दुरुस्त करते. नेहमीपेक्षा जास्त आला तर खूण करून ठेवते. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे चित्रांत यकृत कुठे, जठर कुठे, अंडाशय कुठे हे संगणक स्वतः ओळखतो, आणि लाखो किरणांचा प्रवास एकेक करून मांडून त्या त्या अवयवात किती डोस गेला याचा अंदाज बांधतो. आधी हा हिशोब एका ठरावीक मापाच्या नमुना-शरीरावर करत. त्यातली बाई १६३ सेंटीमीटर उंच आणि ६० किलो वजनाची! आपल्या गटात अशा किती निघतील, मोजून बघा.

पण संगणकाला एक गोष्ट जमत नाही, आणि ती नेमकी बायकांच्या बाबतीत. आमच्या निर्मळच्या काकी नालासोपाऱ्याहून पहाटेची लोकल पकडून भाजी विकायला जायच्या. मुतखड्यासाठी सव्वा वर्षात त्यांचे पोटाचे तीन सीटी झाले. एका ठिकाणी नाव माहेरचं, कारण आधार कार्ड जुनं. दुसरीकडे सासरचं. तिसरीकडे हाक मारायचं नाव. संगणकाच्या लेखी त्या तीन वेगळ्या बायका, एकेक स्कॅन झालेल्या. तिसरा स्कॅन तर केवळ आधीची फिल्म पावसात भिजली म्हणून झाला. मुतखडा पुष्कळदा सोनोग्राफीत दिसतो, आणि तिच्यात ही किरणं नसतात. पण कोणाला ठाऊकच नव्हतं, की दोन सीटी आधीच झालेत.

आपल्या जिल्ह्यात तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे. तिथल्या कामगाराच्या छातीवर बिल्ला असतो, माझ्याही होता. माझा दर तीन महिन्यांनी तपासायला जायचा. कामगाराची मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरवली आहे, पाच वर्षांत मिळून १०० मिलिसीव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. पेशंटला अशी मर्यादा नाही, आणि ते बरोबरच आहे. डोक्याला मार लागलेल्या माणसाला ‘तुमचा कोटा संपला’ म्हणून परत पाठवायचं का? डॉक्टरने गरज आहे म्हटलं तर सीटी करायचाच. पण मला बिल्ला आणि काकींना काहीच नाही, हे तेव्हाही मला खटकायचं.

म्हणून काकींच्या सुनेने आता एक प्लास्टिकची पिशवी केली आहे, रेशन कार्डाच्या खणातच ठेवते. तिच्यात तिन्ही स्कॅनच्या सीडी, आणि मागून घेतलेले डोस रिपोर्ट. एका केंद्राने दोन मिनिटांत छापून दिला. दुसरीकडे काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘असं काही नसतं.’ सुनेने आतल्या तंत्रज्ञाला विचारलं, तर निघाला. तिसरा काही मिळाला नाही. त्या जागी तिने कागदावर फक्त तारीख, केंद्राचं नाव आणि ‘पोटाचा सीटी’ एवढं लिहून ठेवलंय, आणि वर काकींची तिन्ही नावं.