एका पानावर तीन आलेख : अलिबागच्या चुंबकीय नोंदी

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत १९०४पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने नोंदी बिघडणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतले हे काम इथे हलवले गेले. या क्षेत्राची क्षैतिज तीव्रता, दिक्पात (चुंबकसुईचा खऱ्या उत्तरेपासूनचा कोन) आणि उभा घटक यांचे आलेख एकाखाली एक मांडणे सर्वांत सोयीचे, कारण चुंबकीय वादळाचा पहिला धक्का तिन्हींत एकाच वेळी उमटतो. पानावर उभी पट्टी धरली की तो क्षण तिन्ही चौकटींत एका रेषेत सापडला पाहिजे.

मांडणी बिघडते ती नेमकी इथेच. क्षैतिज तीव्रता सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला, म्हणून तिच्या उभ्या अक्षाचे आकडे पाच अंकी. दिक्पाताचे मात्र लहान. तिन्ही चित्रे आकड्यांसकट सारख्या रुंदीची केली, तर लांब आकडे आलेखाची जागा खातात आणि वेळेचे अक्ष पुढेमागे सरकतात. म्हणून रुंदी ठरवावी ती अक्षांच्या चौकटीची. आकडे तिच्या बाहेर ठेवावेत. लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत ग्रुपप्लॉट्स ही आलेख एकत्र मांडण्याची सोय वापरून हे सहज साधते. वेळेचे आकडे फक्त तळच्या आलेखाखाली पुरतात.

ए-४ पानाची उंची २९७ मिलिमीटर. वर-खाली २५-२५चा समास आणि चित्रओळ व वेळेच्या आकड्यांसाठी २२ सोडले की २२५ उरतात. त्यातून ६-६च्या दोन फटी वजा केल्यावर प्रत्येक आलेखाला ७१ मिलिमीटर मिळतात. चौकटी सारख्या असल्या तरी मापे वेगळी असतात, तेव्हा प्रत्येक उभ्या अक्षावर एकक छापलेच पाहिजे.