तीन पेपर, एकच मजकूर

2009 च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं गुणगान करणारा एक मजकूर ‘लोकमत’, ‘पुढारी’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ या तीन स्पर्धक दैनिकांत छापून आला. बातमी म्हणून, आणि शब्दशः सारखा. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे ‘द हिंदू’मधून उघड केलं. चव्हाणांच्या निवडणूक हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च होता 5,379 रुपये! या मजकुरासाठी पैसे दिल्याचा आरोप त्यांनी नाकारला. जुलै 2014 मध्ये निवडणूक आयोगाने हिशेबात त्रुटी असल्याचं ठरवलं. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

उघड बाजू घेणं वेगळं. ‘सामना’ ठाकरेंच्या शिवसेनेचा आहे हे वाचकाला पेपर उघडण्याआधीच ठाऊक असतं. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात घरी एकच पेपर येत असेल, तर प्रचार बातमीच्या वेशात आलाय हे ओळखायचं कसं? ही वाचकाची सरळ फसवणूक आहे.

काय छापलं जात नाही, हाही पक्षपातच. 1920 साली डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापली नव्हती.

पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, म्हणजे ‘पेड न्यूज’वर, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने 71 पानी अहवाल लिहिला, त्यात वृत्तपत्रांची नावंही होती. 2010 मध्ये कौन्सिलने मात्र नावं गाळून त्रोटक अहवाल काढला. मूळ अहवाल खुला झाला तो 2011 मध्ये, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर.