सांध्यांची दुहेरी ओळख

दिल्लीच्या द्वारकेत, सेक्टर ८ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे कार्यालय आहे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी काय शिकायचे, हे इथून ठरते. भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ मध्ये आखलेला अभ्यासक्रम २०१९ च्या तुकडीपासून लागू झाला आणि २०२० मध्ये परिषदेच्या जागी आलेल्या आयोगाकडे सोपवला गेला. त्यात शरीररचनाशास्त्राची एक अपेक्षा अशी, की विद्यार्थ्याला सांध्यांचे प्रकार-उपप्रकार उदाहरणांसह सांगता यावेत. अपेक्षा एका ओळीची, पण ती शिकवताना रचना आणि हालचाल या कसोट्या स्वतंत्र ठेवल्या पाहिजेत, असे मला ठामपणे वाटते.

रचनेवरून सांधे तीन प्रकारचे: तंतुमय, कूर्चामय आणि द्रवयुक्त. हालचालीवरूनही तीनच: अचल, अल्पचल, मुक्तचल. आकडा जुळतो म्हणून सरळ जोड्या लावायचा मोह होतो, आणि कवटीच्या शिवणी, मणक्यांमधल्या चकत्या, खांदा एवढ्यापुरत्या त्या जुळतातही. पण कोपर टेबलावर टेकवून तळहात उताणा-पालथा करून पाहा. अंगठ्याच्या बाजूचे हाड करंगळीच्या बाजूच्या हाडावरून आडवे फिरते. दोघांना जोडणारा लांबलचक पडदा तंतूंचाच, तरी तो हे वळण अडवत नाही. उलट, कण्याच्या तळाशी त्रिकास्थी आणि नितंबास्थी जिथे भेटतात तो सांधा द्रवयुक्त, पण धडाचा भार पेलण्यासाठी इतका आवळून बांधलेला, की हालचाल जेमतेम काही अंशांची. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात २१० सांधे मोजले आहेत आणि तिथे दोन्ही कसोट्या वेगळ्या आहेत. आधी चल आणि स्थिर असे दोन भाग, मग आकारावरून आठ प्रकार. त्यातल्या उलूखल प्रकारात खांदा, जांघ आणि दात एकत्र येतात. आकार एक, खांदा चौफेर फिरतो, निरोगी दात मात्र घट्ट बसलेला.

यावर आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. हालचाल वयाप्रमाणे बदलते, गरोदरपणात जघनाचा सांधा सैलावतो. मग नवख्याला रचनेचा पक्का आधार द्यावा, बाकीचे पुढे कळेल. शिवाय रोगही रचना पाहून येतो: संधिवाताभ संधिशोथ हल्ला करतो तो मुख्यतः द्रवयुक्त सांध्यांच्या अस्तरावर. हे सारे खरे आहे. पण रुग्ण तक्रार घेऊन येतो ती हालचालीची. गुडघा वाकत नाही, हात वर जात नाही. ती नीट तपासायची तर त्या सांध्याची मुळातली हालचाल किती, हे आधी ठाऊक हवे आणि ते केवळ रचनेवरून काढता येत नाही.

म्हणून शिक्षकांना विनंती, की तोंडी परीक्षेत कुठलाही सांधा दाखवा, पण त्याची रचना आणि हालचाल दोन्ही विचारा, आणि दोन्ही उत्तरे आल्याशिवाय पूर्ण गुण देऊ नका.