हत्तीचे पाय आधी बघा

गुरांचा डॉक्टर म्हणून माझी सगळी नोकरी कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत झाली. हत्ती तपासायची वेळ आली की मी आधी त्याचे पाय बघतो. बाकीचं दुखणं बहुधा तिथेच सापडतं.

हत्तीच्या टाचेत चरबीची जाड गादी असते. ती धक्का झेलते, म्हणून एवढं अवजड जनावर रानातून जवळपास आवाज न करता जातं. तळव्याची कातडी सतत वाढते आणि चालण्याने झिजते. रानातला हत्ती दिवसाचा बहुतेक वेळ चरतो. दीडशे किलोच्या आसपास चारा एका जागी मिळत नाही. बांबू, गवत, झाडांच्या साली खात तो पुढे सरकतो; पायांखाली कधी चिखल, कधी वाळू, कधी ओढ्याचं पाणी. हत्तिणी तर आई, मावश्या, बहिणी अशा आयुष्यभर एकत्र चालतात आणि कळपातली जाणती हत्तीण वाट दाखवते.

२००२ पासून कर्नाटकातून हत्ती तिलारीच्या खोऱ्यात येऊ लागले. त्यांचं जगणं सुखाचं आहे असं मी म्हणणार नाही. तिथल्या दोडामार्ग तालुक्यात केळी-माडांच्या बागा उद्ध्वस्त होतात, लोक धास्तावतात, हत्तीही विजेच्या तारांनी मरतात. पण त्यांचे पाय झिजतात, सडत नाहीत.

बांधलेल्या हत्तीला कोब्यावर, स्वतःच्याच लीद-मुतात उभं राहावं लागतं. तळवा न झिजता वाढतो, नखं फुटतात, भेगेत खडा शिरून गळू होतं आणि पू हाडापर्यंत पोचतो. तीन-चार टनांच्या जनावराच्या पायाला विश्रांती देणार तरी कशी? असा हत्ती जागच्या जागी डोलतो, तेव्हा लोक म्हणतात, खुशीत आहे. ते डोलणं कोंडलेपणाचं लक्षण असतं.

२००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आशियाई हत्तिणींचं मध्यक आयुष्य १८.९ वर्षं निघालं; म्यानमारच्या लाकूड-छावण्यांत जन्मलेल्यांचं ४१.७. छावणीतल्या हत्तिणीही माणसाच्याच ताब्यात आणि कामाला जुंपलेल्या. पण काम संपलं की त्यांना चरायला जंगलात सोडतात. माझ्या मते मोठा फरक इथेच आहे. आपल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानेही २००९ मध्ये हत्तींना प्राणिसंग्रहालयांतून हलवायचं ठरवलं.

नांदणी मठातून हलवलेल्या महादेवी हत्तिणीसाठी २०२५ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. ती माया खरी होती, आणि त्या मायेलाच माझी विनंती आहे. मिरवणुकीत हत्ती दिसला तर केळं पुढे करण्याआधी त्याची नखं बघा. भेगा किंवा जखम दिसली तर वनखात्याला कळवा. आणि देवाला नवा हत्ती अर्पण करायचं कुणाच्या मनात असेल, तर त्याला कृपा करून थांबवा.